बॅटरीवरचं ड्रिल घेऊन विमानानं जायचंय: हातात काय, खाली काय?

मच्छेचा फिटर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, वाचून घ्या.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका छोट्या वर्कशॉपात फिटर आहे. आम्ही हायड्रॉलिक प्रेस आणि पॉवर पॅक बनवतो. विकलेलं मशीन गिऱ्हाइकाकडं बसवून द्यायचं आणि काही बिघडलं तर जाऊन बघायचं, हे माझं काम. आजवर हुबळी, कोल्हापूर, पुणं आणि लई लांबचं म्हणजे फरिदाबाद. सगळं रेल्वेनं, नाहीतर टेम्पोत मशीनसंगं बसून. फरिदाबादला गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीनपर्यंत गेलो तेव्हा टूलबॉक्स सीटखाली सरकवला होता. वाटेत एकानं विचारलं पेटीत काय आहे, तेपण त्याला वर पाय ठेवायचा होता म्हणून.

आता रांचीजवळच्या एका कारखान्यात आमचा प्रेस बंद पडलाय. सील गळालंय. मालक म्हणाले, परवा माणूस तिथं उभा पाहिजे. सांबऱ्याहून, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळावरून बेंगळूर आणि तिथून रांची असं तिकीट काढून दिलंय. मी जन्मात विमानात बसलेलो नाही. आईनं गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय, त्यामुळं आता माघार नाही.

अडचण सामानाची आहे. बॅटरीवरचा इम्पॅक्ट पाना आणि ड्रिल न्यायचंय. त्याच्या 18 व्होल्टच्या बॅटऱ्या: दोन 5 ॲम्पिअर-अवरच्या, एक मोठी 9 ची, आणि एक जुनी 2 ची. ह्या जुनीत गेल्या वर्षी गावातल्या एका दुकानातून नवीन सेल भरून घेतलेत. शिवाय 20,000 ची पॉवर बँक, लॅपटॉप, चार्जर, पाने, ॲलन की, एक गंज सोडवायचा स्प्रे.

मालक म्हणतात सगळं टूलबॉक्समध्ये घाल, कुलूप लाव आणि खाली, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात दे. तिकीटवाला म्हणतो बॅटरी खाली देऊच नका. आमच्या गल्लीतला मोबाईल दुकानवाला सांगतो की विमानात 20,000 पर्यंतच चालतंय, तुझी तर नुसती 5 ची आहे, काय घाबरतोस. मला हेच कळंना झालंय. 5 म्हणजे 20,000 पेक्षा कमी की जास्त?

भीती उगीच नाही. आमच्याच वर्कशॉपातला एकजण गेल्या वर्षी विमानानं गेला, पॉवर बँक खालच्या बॅगेत राहिली. हा पोचला, बॅग पोचली नाही. दोन दिवस रिकाम्या हातानं गिऱ्हाइकाचा चहा पीत बसला. त्याला आजून त्यावरून चिडवतात. माझं तसं नको.

---

सांबऱ्याचा रिटायर माणूस

फिटरभाऊ, वीस-बावीस वर्षं विमानतळांवर सामान आणि कार्गोच्या कामात काढली आहेत. आता गावी शेत बघतो आणि डोक्यावरून विमान गेलं की घड्याळ लावतो. सावकाश सांगतो.

आधी तो 5 आणि 20,000 चा घोळ. पॉवर बँकेवर मिलिअँपिअर-अवर लिहितात, तुमच्या बॅटरीवर अँपिअर-अवर. म्हणजे तुमची 5 ही 5,000 झाली. पण त्यावरही जायचं नाही, कारण दोन्हींचा व्होल्ट वेगळा. विमानवाले बघतात तो आकडा वॅट-अवरचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. पॉवर बँकेच्या आतला सेल 3.7 व्होल्टचा, तेव्हा 20 गुणिले 3.7, म्हणजे 74. तुमची 18 व्होल्टची 5 ची बॅटरी: 18 गुणिले 5, म्हणजे 90. बघा, तुमची "नुसती 5 ची" त्या 20,000 पेक्षा भारी निघाली. दुकानवाल्याला सांगा. (पॉवर बँकेवर 5 व्होल्टपण लिहिलेलं असतं, ते बाहेर येणारं. त्यानं गुणू नका, फुकट शंभर होतात.)

आता मर्यादा. 100 वॅट-अवरपर्यंत विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. 100 ते 160 मधली असेल तर आधी कंपनीला विचारून मंजुरी घ्यायची, आणि तशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच. 160 च्या वर प्रवाशाच्या सामानात नाहीच, ना वर ना खाली.

तुमची 9 ची किती होते? 18 नवे 162. दोन वॅट-अवरनं गेली. ती घरी ठेवा. तिथं "दोननं काय होतंय" म्हणून वाद घालणारे मी पुष्कळ बघितलेत, कुणी जिंकलेला बघितला नाही.

दुकानात सेल भरलेली तर अजिबात नको. वरचं लेबल जुनं, आत काय भरलंय ते तुम्हालाही ठाऊक नाही. कंपनीची बॅटरी विमानात जाण्याआधी ठरलेल्या चाचण्यांतून पास झालेली असते: हादरा, दाब, उष्णता, शॉर्ट. टेबलावर स्पॉट वेल्डिंग मारून जोडलेल्या पॅकची चाचणी कोण केलेली असणार? फुगलेली, चेपलेली, पाणी गेलेली बॅटरीपण तशीच, घरी.

राहिल्या 5 च्या दोन आणि पॉवर बँक. ह्या सुट्या, म्हणून ह्या हातातच. खालच्या बॅगेत सुटी लिथियम बॅटरी एकही नाही, पॉवर बँकसुद्धा सुटी बॅटरीच धरतात. आणि उलटं, पाने, ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की हातात चालत नाहीत, ते खाली. म्हणजे तुमच्या टूलबॉक्सची फाळणी करायची. ड्रिलचं धड खाली, त्याचा जीव तुमच्या खांद्यावर.

कागदावर बघितलं तर यंत्रात बसवलेली बॅटरी पूर्ण बंद करून, चुकून चालू होणार नाही अशी बांधून खाली देता येते. पण टूलबॉक्समध्ये वरून पान्याचा भार, ट्रिगर कधी दाबला जाईल सांगता येत नाही. शिवाय स्कॅनरवर ड्रिलमध्ये बॅटरी दिसली की पेटी उघडायला तुम्हाला बोलावणार. काढून हातात घ्या, प्रश्न मिटला. चार्जरमध्ये सेल नसतो, तो कुठंही घाला.

स्प्रे विसरा. पेट घेणारा डबा आहे तो, वरही नाही, खालीही नाही. रांचीत मिळेल.

आणि मालकांनी सांगितलेलं कुलूप. लावा, पण किल्ली खिशात ठेवा आणि बोर्डिंगच्या आधी आपलं नाव पुकारतायत का तिकडं कान ठेवा. पेटी उघडायला माणूस सापडला नाही की पेटी मागं राहते. तुमच्या दोस्ताचं तेच झालं असणार.

---

निपाणी ड्रोनवाला

काकांनी सगळं सांगितलंय, माझं थोडं.

मी लग्नाचं शूटिंग करतो, ड्रोन आणि कॅमेरा दोन्ही. बॅटऱ्यांची टोकं उघडी ठेवू नका. नवीन बॅटरीबरोबर प्लास्टिकची टोपी येते ती आपण पहिल्याच दिवशी फेकतो. नसेल तर टोकांवर इन्सुलेशन टेप मारा आणि प्रत्येक बॅटरी वेगवेगळ्या पिशवीत. दुधाची पिशवी धुऊन घेतली तरी चालते, मी तेच करतो. किल्ल्या आणि सुटे पैसे त्या कप्प्यात नकोत. दोन टोकांना एक किल्ली आडवी बसली की झालं काम.

वॅट-अवर छापील असेल तर ते दिसेल असं ठेवा. नसेल तर व्होल्ट आणि अँपिअर-अवर तरी वाचता आलं पाहिजे. माझ्या एका बॅटरीचं लेबल घासून गेलं होतं, ती तिथंच सोडून यावं लागलं. सिनेमावाल्यांच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बघा, 95 नाहीतर 98 वॅट-अवरच्याच दिसतील. मुद्दाम शंभरच्या आत बनवलेल्या असतात, ह्याच नियमासाठी.

आमच्या इथं ऊसावर फवारणीचा ड्रोन घेणाऱ्यांनीही ऐकून ठेवा. त्याची 22.2 व्होल्ट 16 अँपिअर-अवरची बॅटरी 355 वॅट-अवर होते. ती प्रवासी म्हणून नेता येत नाही, कितीही ओळख असली तरी. मला एका चिकोडीच्या शेतकऱ्यानं विचारलं होतं, म्हणून सांगालोय.

आणि तंबाखूच्या गावचा, निपाणीकर असल्यामुळं सांगायचा हक्क आहे: लायटर आणि काड्यापेटी घरी ठेवा.

---

खानापूरची मावशी

फिटरदादा, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. माझा मुलगा पहिल्यांदा गेला तेव्हा मीपण गल्लीभर सांगितलं होतं.

मी काय म्हणते, आई काहीतरी खायला देणारच. कुंदा (आपली खव्याची मिठाई) द्या म्हणावं, पण डबा हातातल्या पिशवीत वरच ठेवा. माझ्या कुंद्याचा डबा स्कॅनरवर विटेसारखा दिसला म्हणे, उघडून दाखवावा लागला. उघडल्यावर वासानं तिघंजण जमले. संकेश्वरी मिरचीचं तिखट हातात नको, खालच्या बॅगेत. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या खाली देऊ नका. त्यात तेल असतं, आपसूक तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोक्याच्या मालात धरतात. मला हे पहिल्यांदा ऐकून हसू आलं होतं. पोत्यात गच्च भरलेलं खोबरं किती गरम होतं ते आठवलं आणि मग नाही आलं.

एक विचारायचं होतं. माझ्या बीपीच्या मशीनला साधे पेन्सिल सेल लागतात, त्याचं काय?

---

सांबऱ्याचा रिटायर माणूस

मावशी, साधे अल्कलाइन सेल चालतात. सुटे असतील तर पाकिटातच ठेवा, एवढंच. खोबऱ्याचं बरोबर सांगितलंत, हे बऱ्याच लोकांना पटत नाही.

---

टिळकवाडी 77

उगीच घाबरवालेत पोराला. मी दहा वर्षं झाली जातोय-येतोय, पॉवर बँक कधी खाली, कधी वर. एकदाही काही झालं नाही. एवढ्याशा डब्यानं विमान पडत नाही हो.

---

सांबऱ्याचा रिटायर माणूस

टिळकवाडीकर, तुमच्या वेळी स्कॅनरवाल्याची नजर चुकली असणार. त्याला नशीब म्हणा, नियम नको.

एवढासा डबा काय करतो ते सांगतो. ह्या सेलच्या आत दोन थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. तो फाटला, चेपला किंवा बनवतानाच सदोष असला की आतल्या आत शॉर्ट होतो, सेल तापतो, त्या तापण्यानं आत रासायनिक क्रिया सुरू होऊन आणखी तापतो, आणि मग थांबत नाही. शेजारच्या सेलला झळ लागली की तोही जातो. फिटरभाऊंच्या 18 व्होल्टच्या 5 च्या पॅकमध्ये सहसा असे दहा सेल चिकटून बसलेले असतात.

खालच्या भागात आग विझवायला हॅलॉन वायू सोडतात. तो ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतली उष्णता थोपवत नाही. तिथं माणूसही जाऊ शकत नाही. वर केबिनमध्ये धूर आला तर दोन मिनिटांत कुणीतरी ओरडतं, हवाई सुंदरी येते, पाणी ओतून थंड करते. हो, पाणीच. थंड करणं महत्त्वाचं. म्हणून हातात ठेवा म्हणतात. वर ती कमी धोक्याची होते असं नाही, वर ती दिसते.

2010 च्या सप्टेंबरात दुबईहून उडालेलं एक मालवाहू 747 आगीनं पडलं, दोन्ही वैमानिक गेले. आत लिथियम बॅटऱ्यांचा माल होता. मी तेव्हा कार्गोत होतो. त्यानंतर आमच्याकडं बॅटरीच्या खोक्याकडं बघायची नजरच बदलली. 1 एप्रिल 2016 पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानात घ्यायच्या बंद झाल्या, आणि मालवाहू विमानात द्यायच्या तर 30 टक्क्यांच्या वर चार्ज नको.

अलीकडचं बघा. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी जळलं. आतली 176 माणसं बाहेर निघाली म्हणून बरं. आग वरच्या कप्प्यातून सुरू झाली, पॉवर बँकेवर संशय आला. लगेच मार्चपासून कोरियानं वरच्या कप्प्यात पॉवर बँक ठेवायला मनाई केली. म्हणून फिटरभाऊ, हातात म्हणजे खरोखर हातात. डोक्यावरच्या कप्प्यात टाकू नका, समोरच्या सीटखाली नाहीतर मांडीवर. आणि विमानात पॉवर बँकेवर फोन चार्जिंगला लावू नका.

फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागंपुढं करू नका. फोन चिमटतो आणि त्यातूनही आग लागते. आधी हाक मारा.

---

मच्छेचा फिटर

काका, लई उपकार. कागदावर लिहून घेतलं. 9 ची मालकांच्या टेबलावर ठेवली, सेल भरलेली कपाटात.

एकच विचारालोय. मालक आता म्हणतात, मग 9 ची कुरिअरनं पाठवू. जमंल का?

---

निपाणी ड्रोनवाला

रस्त्यानं पाठवा. पी. बी. रोडवरून, म्हणजे पुणे-बेंगळूर हायवेवरून ट्रान्सपोर्ट जातंच की. पण तुमच्या परवापर्यंत रांचीला पोचणार नाही. आत काय आहे ते पावतीवर खरं लिहा, "लोखंडी सामान" लिहून हवाई कुरिअरात ढकलू नका. आमच्यातल्या एकानं तसं केलं होतं, माल तर अडकलाच, वर कागदपत्रं आणि हेलपाटे.

---

सांबऱ्याचा रिटायर माणूस

एक राहिलं होतं. बेळगावहून एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान लागलं तर त्याचे वरचे कप्पे लहान असतात. पायऱ्यांपाशी उभा असलेला माणूस तुमची हातातली बॅग "खाली ठेवतो" म्हणून घेऊन जाईल. लोक देऊन टाकतात. आणि त्यात पॉवर बँक असते! म्हणून बॅटऱ्या बॅगेत खोल घालू नका. वेगळ्या कापडी पिशवीत घाला, बॅग गेली तरी पिशवी खांद्यावर राहील. बाजारची असते तसली साधी पिशवी.

---

मच्छेचा फिटर

परत आलो. विचारणाऱ्यांसाठी लिहितो.

सांबऱ्यावर तपासणीत पिशवीतल्या सगळ्या बॅटऱ्या ट्रेमध्ये काढायला लावल्या. एकानं 5 ची उचलून बघितली, मी आपणहून "नव्वद वॅट-अवर, सर" म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं, बॅटरीकडं बघितलं आणि ठेवून दिली. टेप मारलेली बघून विचारलं, इलेक्ट्रिशियन काय? म्हटलं फिटर.

टूलबॉक्स खाली दिला होता. नाव पुकारतील म्हणून चहासुद्धा घेतला नाही, पुकारलं नाही.

आणि काका, तुमचं शंभर टक्के खरं. पायऱ्यांपाशी एक पोरगं उभं होतं, माझी सॅक घेतली आणि त्याला चिठ्ठी बांधली. मी म्हटलं थांब, आत लॅपटॉप आहे. तो म्हणाला लॅपटॉप काढून घ्या आणि पॉवर बँक असली तर तीपण. मी खांद्यावरची पिशवी दाखवली. माझ्या मागचा एक कोटवाला माणूस मात्र तिथंच उन्हात बॅग उघडून, कपडे बाहेर काढून पॉवर बँक हुडकत बसला. त्याचा बनियन पायरीवर पडला होता. मला वाईट वाटलं, पण हसूपण आलं.

बेंगळूरला परत एकदा तपासणी, परत बॅटऱ्या बाहेर. कुंद्याचा डबा मावशी म्हणाल्या तसा उघडायला लावला. अर्धा तिथं संपला नाही एवढंच.

दोन बॅटऱ्यांवर प्रेसचं काम भागलं. एक चार्जिंगला, एक पान्यावर, आलटून-पालटून. 9 ची असती तर एक तास वाचला असता. सील बदललं, प्रेस 200 बार दाबावर अर्धा दिवस धरून बघितला, थेंब नाही. स्प्रे तिथल्याच दुकानात घेतला आणि येताना कारखान्यातच सोडला.

मालकांना 162 चा हिशेब सांगितला. ते म्हणाले, दोन वॅट-अवरनं काय होतंय. त्यांना हा धागा पाठवलाय.